माउंट मेलरे: मठात मुक्काम मिळेल असं धरून जाऊ नका

आयर्लंडमधली सेंट डेक्लनची पायवाट, म्हणजे कॅशेल ते आर्डमोर ११५ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी माउंट मेलरेच्या मठात मुक्काम, असं आम्ही कॉर्कहून निघतानाच ठरवलेलं, एका जुन्या माहितीपुस्तकाच्या भरवशावर. संध्याकाळी सातला पोचलो, बुटांत पाणी, आणि अतिथिगृहाला कुलूप. मठवासी जानेवारी २०२५ मध्येच रोसक्री गावच्या मठात निघून गेलेत. १८३० नंतर फ्रान्समधून हाकललेल्या आयरिश मठवाशांनी ओसाड डोंगरउतारावर उभारलेला हा सिस्टर्शियन, म्हणजे एका कॅथलिक संन्यासी पंथाचा मठ. तो असा गप्प पाहून मला रडूच आलं.

शेजारच्या जुन्या शाळेत स्काउट केंद्र आहे. तिथे दिवे दिसले, गरम चहाही मिळाला, पण खाटा एका शाळेच्या गटाने भरलेल्या. आधी नोंदणी केली असेल तरच तिथलं दार वाजवा. मग जवळच्या कॅपोक्विन गावापर्यंत टॅक्सी. पाचसहा किलोमीटरला ४० युरो! ही सरळसरळ लूट आहे. गाडीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. आम्ही थंडीने काकडत होतो, विचारलंच नाही.

एवढा उशीर झाला तो नॉकमिलडाउन डोंगररांगेतल्या खिंडीमुळे. गोटनब्रिज गावाहून जंगलातला रस्ता छान आहे, तिथे वेळ घालवू नका. झाडी संपली की खरी परीक्षा. संत पॅट्रिकच्या गाईने चोरीला गेलेल्या वासरामागे धावताना शिंगांनी ही वाट उकरली, अशी दंतकथा आहे. आज त्या वाटेवर काळा चिखल आहे. गवताचा झुबका भक्कम दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. त्यात ढग उतरला, आणि खुणेचा पुढचा खांब दिसेना. दोन तास आम्ही एकाला खांबाशी उभं करून दुसऱ्याने पुढे शोधायचं, असं चाललो. सह्याद्रीतला पावसाळा केलेल्यांनीही याला हलकं समजू नये. इथे पायाखाली दगड लागत नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, बुटांवर गुडघ्यापर्यंतचे गेटर (चिखलपाणी अडवणारी आवरणं) घाला, सकाळी सातला गोटनब्रिज सोडा. डोंगरावर ढग असेल तर त्या दिवशी निघूच नका.

पुढचे दोन दिवस सोपे, आर्डमोरला समुद्र. मुक्काम मात्र कॅपोक्विनलाच आधी पक्का करा.