चिठ्ठीतला शब्द

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या त्या गावात पोचलो तेव्हा अंगणाअंगणांत मोहफुलं वाळत होती. आत्मसमर्पण केलेल्या नक्षलवाद्यांच्या पुनर्वसनात मी समुपदेशनाचं काम करते. त्या दिवशी सोबत आलेला दादा नऊ वर्षांनी गावात पाय ठेवत होता. आई वारली तेव्हाही त्याची हिंमत झाली नव्हती.

कारण एकच घर. तिथल्या माणसाला दलमनं, म्हणजे याच्या सशस्त्र नक्षली तुकडीनं, पोलिसांचा खबऱ्या ठरवून रात्री उठवून नेलं. सकाळी रस्त्यावर प्रेत, छातीवर दगडाखाली चिठ्ठी. गोळी यानं झाडली नव्हती. ‘‘पण मॅडम, चिठ्ठी मी लिहिली. आमच्यात मराठी लिहिणारा मीच होतो.’’

हे त्याच्या पोलीस जबाबात होतं. मेलेल्या माणसाच्या बायकोच्या कानावर मात्र कधीच गेलं नव्हतं.

आत्मसमर्पण योजना आपल्या महाराष्ट्रात २००५ पासून आहे. पैसे, घर, प्रशिक्षण मिळतं, आणि त्यातून उभे राहिलेले संसार मी पाहिलेत. पण बंदूक पोलिसांपुढे ठेवली जाते, विधवेपुढे कोणी काही ठेवत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्यानं सत्य आणि सलोखा आयोग आला. तिथे माफी हवी असेल तर राजकीय हेतूनं केलेला गुन्हा पूर्ण सांगावा लागे, आणि मृताचे नातलग समोर बसून प्रश्न विचारू शकत. पश्चात्तापाची अट नव्हती, सत्याची होती. सुमारे सात हजार अर्जांपैकी बहुतेक फेटाळले गेले. आपल्याकडे तसं समोर बसायची जागाच नाही, हे मला फार खुपतं.

गोटुलात, गोंडांच्या गावातल्या सामूहिक घरात, गाव जमलं. दादानं खाली मान घालून सगळं सांगितलं. बाई ऐकत होती. तिनं रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

‘‘माह्या पोराले शाळेत खबऱ्याचा पोरगा म्हणत. त्यानं शाळा सोडली. तू लिहिलं ना? मंग आता खरं लिहून दे.’’

ग्रामसभेचं रजिस्टर आणलं. दादाचा हात इतका थरथरत होता की पहिली ओळ खोडावी लागली. ‘त्यांनी कोणाचीही खबर दिली नव्हती. चिठ्ठीत लिहिलं ते खोटं होतं.’ खाली सही.

बाईला वाचता येत नाही. पोरानं वाचून दाखवलं. ‘‘अजून एकदा वाच, जोरानं,’’ ती म्हणाली. त्यानं वाचलं.

दादाला तिनं पाणी विचारलं नाही. आभाळ भरून आलं होतं. ती उठली आणि मोहफुलं गोळा करायला घराकडे गेली.