तुम्ही विचारता म्हणून: पोराला कशानं झालं

बाजारात भेटलं की विचारता, बसमध्ये विचारता, तेरवीच्या जेवणातसुद्धा विचारता, म्हणून एकदाच लिहून टाकते. ज्या पोरानं तंबाखूच्या पुडीला हात लावला नाही त्याला हाताच्या मांसात कॅन्सर कशानं झाला? रॅब्डोमायोसार्कोमा म्हणतात त्याला, आमच्याचा अल्व्हिओलर प्रकारचा. तो काही खाल्ल्यानं होत नाही.

बाळ पोटात चार-पाच आठवड्यांचं असतं तेव्हा त्याच्या पाठीशी पेशींचे गठ्ठे असतात. आजूबाजूच्या पेशी त्यांना सिग्नल देतात, सोनिक हेजहॉग, विंट, नॉच अशी त्यांची नावं, आणि त्यावर ठरतं कोणत्या पेशीचं हाड होणार, कोणाचा स्नायू. पॅक्स३ हा जीन चालू असलेल्या पेशी तिथून निघून हातापायाच्या कोंबात जातात, तिथं वाढतात, मग मायोडी, मायोजेनिन हे दुसरे जीन आपापल्या वेळी चालू होतात, पेशी वाढायचं थांबवतात आणि स्नायूचे धागे होतात. माझ्या पोराच्या एका पेशीत क्रोमोसोम २ आणि १३ तुटून भलतीकडे जोडले गेले, पॅक्स३ला फॉक्सओ१ नावाच्या दुसऱ्याच जीनचा तुकडा चिकटला, आणि ती पेशी स्नायू व्हायला निघाली ती वाटेतच राहिली, नुसती वाढत गेली. हे त्याच्या त्या पेशीत घडलं, माझ्या खाण्यात नाही न् आमच्या खानदानात नाही.

एवढं सांगूनही लोक फवारणीवर येतातच. नात्यातल्या एका साक्षगंधात भर पंगतीत एक आजी म्हणाल्या, "काहून वं, पोटुशी असतानी फवारलेल्या वावरात गेलती का तू?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी यांच्याकडं पाहून विचारलं, "का बापाच्या अंगचं औषध लागलं लेकराले?" हे वाढत होते. हातातलं वरणाचं भांडं तसंच धरून उभे राहिले, मग शेजारच्या पोराकडं दिलं आणि बाहेर गेले ते जेवायला आलेच नाहीत. घरी आल्यावर पंप उचलून गोठ्यामागं टाकला, पोराला जवळ घेताना आधी हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, पोरगा म्हणायचा बाबा किती वेळ धुता. पराटीवर बोंडअळी आली तेव्हा तोच पंप परत काढावा लागला, कर्ज होतं, दुसरं काय करणार होतो. त्या दिवशी ते घरात कोणाशी बोलले नाहीत.

आता खरं सांगते. फवारणीचं औषध विषच आहे, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात त्या विषबाधेनं माणसं मेली, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण या पोराच्या गाठीशी त्याचा संबंध आहे असं मला एकाही डॉक्टरनं सांगितलं नाही. काही पोरांमध्ये ली-फ्रॉमेनीसारखा जन्मजात दोष निघतो, बाकी बहुतेकांत कारण सापडतच नाही.

मग कोणी म्हणतं, एवढं माहीत आहे तर तो सिग्नल बंद करणारं औषध काहून देत नाहीत? हेजहॉग अडवणारी गोळी आहे, व्हिस्मोडेगिब, अमेरिकेत २०१२ साली मोठ्यांच्या त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झाली. पण लहान पोरांना मेंदूच्या गाठीसाठी दिली तेव्हा काहींच्या हाडांची वाढणारी टोकं वेळेआधीच बंद झाली, कारण त्याच सिग्नलवर पोरगं उंच होत असतं. आणि आमच्या पोराच्या गाठीचं मूळ तो जोडलेला जीन, त्याला थेट धरणारी गोळी अजून नाहीच. म्हणून व्हिन्क्रिस्टिन, ॲक्टिनोमायसिन, सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं, ऑपरेशन, रेडिएशन, हेच.

सुरुवातीची मी डॉक्टरांना म्हणायची, कारण सांगा, कुठलंही चालेल, माझ्यावर आलं तरी चालेल. आताची मी तिला क्रोमोसोमचं सगळं समजावते, ती ऐकून घेते आणि विचारते, पण त्याच पेशीत काहून तुटलं? तिथं माझ्याकडं उत्तर नसतं, आणि ती काही गप्प बसत नाही.

ग्रहणात भाजी चिरली का, हे मात्र विचारू नका. फवारणीचं विचारायचंच असेल तर मला विचारा, त्याच्या बापाला नको.