भिंतीवरचा सेंट्रल व्हॅक्यूम अंगणात: कापसाच्या घरातील फिरती सफाई

व्हॅक्यूम क्लीनर घेताना मोटर किती वॅटची आहे हे सगळे विचारतात. ओढलेली हवा यंत्रातून पुन्हा कोठे सोडली जाते, हे फारसे कोणी विचारत नाही. कापूस पिकवणाऱ्या घराने मात्र हाच प्रश्न आधी विचारावा, असे माझे ठाम मत झाले आहे. दिवाळीच्या सुमारास वेचून आणलेला कापूस भावाची वाट पाहत आमच्या समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला असतो. तो गाडीत भरून हिंगणघाटच्या बाजारात गेला की मागे उरते ती सांडलेली सरकी, वाळलेल्या पत्तीचा चुरा, खडबडीत गिलाव्याला चिकटलेले तंतू आणि अंगाला खाज आणणारी, दम्याच्या माणसाची छाती भरून टाकणारी बारीक धूळ. फड्याने झाडले की ती उठते आणि खोली रिकामी ठेवली तरी बराच वेळ हवेत तरंगून पुन्हा तिथेच बसते. साध्या फिरत्या व्हॅक्यूमने मोठा कचरा उचलला जातो हे खरे, पण त्याची हवा कापडी पिशवीतून गाळून त्याच खोलीत सोडली जाते आणि सर्वांत बारीक कण त्या कापडातून पार होतात. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. तरी कापसाच्या तंतूंनी तिचे तोंड बुजायला वेळ लागत नाही, आणि गाळणी बुजली की ओढही संपते.

आईला दमा आहे. कापूस निघाल्यावरची सफाई होईपर्यंत तिला काही दिवस मामांकडे पाठवावे लागत असे. नागपुरातील एका परिचितांच्या बंगल्याचे नूतनीकरण निघाले आणि भिंतीवरून उतरवलेला लहान आकाराचा सेंट्रल व्हॅक्यूम त्यांनी मला देऊ केला, तेव्हा तो भिंतीवर न बसवता चाकांवर बसवण्याचा विचार माझ्या मनात याच कारणाने आला.

सेंट्रल व्हॅक्यूमची रचना थोडक्यात अशी असते. मोटर आणि धुळीची बादली असलेले नळकांडे गॅरेजात किंवा मागच्या बाजूला भिंतीवर टांगतात, तिथून साधारण दोन इंच व्यासाचे पीव्हीसी पाइप भिंतींतून खोल्याखोल्यांत जातात, प्रत्येक खोलीत झाकण असलेले एक तोंड असते आणि सफाईच्या वेळी तीस-पस्तीस फुटांची लवचीक नळी त्या तोंडात बसवतात. यंत्राची उतारहवा, म्हणजे ओढून झाल्यावर यंत्रातून बाहेर पडणारी हवा, आणखी एका पाइपने घराबाहेर सोडतात. मातीच्या जुन्या भिंती फोडून असे पाइप टाकणे आमच्या घरात शक्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. लहान यंत्राचे वजन दहा किलोंच्या आत आहे, ते अंगणात उभे करता येते, आणि दारातून आत जाते ती फक्त नळी. यंत्र बाहेर, धूळ बाहेर, उतारहवा बाहेर आणि गोंगाटही बराचसा बाहेर.

ही कल्पना नवी नाही, उलट व्हॅक्यूम क्लीनरची सुरुवातच अशी झाली. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली पेटंट घेतलेले यंत्र इतके अवजड होते की ते घोडागाडीवरून लंडनच्या रस्त्यांत आणून घरासमोर उभे करीत, पेट्रोलच्या इंजिनावर चालवीत आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडीत. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच पद्धतीने साफ झाले. पुढे यंत्र लहान होऊन घरात शिरले आणि त्याची उतारहवाही त्याच्याबरोबर घरात आली. सोय वाढली, पण जी धूळ बूथ रस्त्यावर नेत होता तिचा सूक्ष्म भाग खोलीतच राहू लागला.

गाड्यासाठी कूलरचा जुना लोखंडी स्टँड वापरला. विदर्भात असा स्टँड ज्या घरी पडून नाही ते घर सापडणे कठीण. त्यावर गावातील वेल्डिंगवाल्या भाऊंकडून दोन उभे अँगल आणि एक आडवी पट्टी जोडून घेतली आणि भिंतीवर ठोकण्याची मूळ पट्टी तिच्यावर बसवली. पट्टी आणि लोखंड यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे घातल्याने थरथर स्टँडमध्ये उतरत नाही. मोटर वरच्या टोकाला असल्याने यंत्राचा भार उंचावर येतो, म्हणून पाया रुंद हवा. मूळची बारीक चाके अंगणातल्या मुरमात रुततात, म्हणून मागे दोन मोठी चाके हवीत. यंत्र नेहमी उभेच चालवावे. आमच्या यंत्रात उलट्या पिशवीसारखी कापडी गाळणी आहे. चालू असताना ती ओढीने वर फुगते आणि बंद केल्यावर खाली लोंबकळून अंगावरची धूळ बादलीत टाकते. यंत्र आडवे ठेवले तर हे काम होत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र जराही घाई करू नये. सेंट्रल व्हॅक्यूमचा मोठा बाजार उत्तर अमेरिकेत आहे आणि तिथली यंत्रे १२० व्होल्टची असतात. जुने यंत्र हाती आले तर पहिल्यांदा त्याची पाटी वाचावी, कारण तसे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावले तर ते जळणारच. आमचे यंत्र २३० व्होल्टचे आहे आणि साधारण सात अँपिअर घेते, म्हणजे त्याला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा, आणि अंगणापर्यंत नेण्याची वायर २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याची, तीन तारांची हवी. वायरचे भेंडोळे पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली वायर भार आल्यावर तापते. लोखंडी स्टँडला अर्थिंग जोडणे अनिवार्य आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची आपल्याकडची जुनी रीत इथे प्राण वाचवणारी आहे. घरचा इन्व्हर्टर हा भार पेलत नाही, तेव्हा भारनियमनाची वेळ पाहूनच काम काढावे. व्होल्टेज उतरले तर मोटरचे फेरे कमी होऊन ओढ मंदावते. अशा वेळी रेटून काम करण्यापेक्षा थांबावे.

नळीच्या मुठीवरचे बटण या यंत्रांत मुख्य वीज हाताळत नाही, ते मोटरजवळच्या रिलेला, म्हणजे इशाऱ्यावर मुख्य वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचला, २४ व्होल्टचा इशारा देते. त्यासाठी यंत्राला दोन बारीक तारांची जोडणी असते. खोलीतल्या भिंतीत बसणारे तोंड मी थेट यंत्राच्या शोषण-तोंडावर पाइपच्या आखूड तुकड्याने बसवले आणि त्या दोन तारा त्याला जोडल्या, त्यामुळे खोलीत उभे राहून यंत्र चालू-बंद करता येते. बटण नसलेली नळी असेल तर त्या दोन टोकांमध्ये साधा लहान स्विच लावला तरी चालते, मात्र तिथे मुख्य विजेची तार चुकूनही जोडू नये. मूळ पाइपचा बाह्य व्यास दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर असतो. आपल्याकडचा ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप त्या मापाच्या जोडात किंचित सैल बसतो, टेपचे दोन वेढे दिले की घट्ट होतो. जोडातून हवा गळत असेल तर अंगणातलीच हवा ओढली जाते आणि खोलीत काम होत नाही.

लांबीचा हिशेबही समजून घ्यावा. नळी लांब झाली की घर्षण तेवढ्याच प्रमाणात वाढते, पण व्यास कमी झाला की ते फार झपाट्याने वाढते. म्हणून अंगणापासून दारापर्यंतचे अंतर मी ५० मिलिमीटरच्या पाइपनेच काढतो आणि लवचीक नळी तिथून पुढे जोडतो. वळण असेल तिथे काटकोनी एल्बो न लावता लांब वाकाचा तुकडा लावावा. काटकोनात कापसाचे तंतू अडकतात, त्यांवर आणखी तंतू बसतात आणि पाहता पाहता पाइपमध्ये बोळा तयार होतो. बोळा अडकल्याची खूण म्हणजे मोटरचा आवाज चढतो. मोटरवर ताण आला असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात हवा कमी वाहत असल्याने मोटरचा भार हलका होऊन तिचे फेरे वाढलेले असतात. तरीही लगेच बंद करावे, कारण ज्या मोटरी ओढलेल्या हवेवरच थंड होतात त्या अशा वेळी तापतात. वेगळ्या पंख्याने थंड होणारी मोटर असेल तर हा धोका कमी असतो, आणि जुने यंत्र निवडताना तशी मोटर मिळाली तर तीच घ्यावी.

सरकी आणि पत्ती यंत्राच्या बादलीपर्यंत जाऊ न देता आधीच अडवणे सोयीचे ठरते. त्यासाठी यंत्र आणि नळी यांच्यामध्ये घट्ट झाकणाचे लोखंडी पिंप ठेवले आहे. नळीची हवा झाकणातून कडेने आत शिरते, वेग मंदावल्यामुळे जड कचरा तळाशी बसतो आणि हलकी हवा दुसऱ्या तोंडातून पुढे यंत्राकडे जाते. पिंपाच्या जाडीबद्दल मी फार आग्रही आहे. अशा यंत्राची बंद तोंडाची ओढ शंभर इंच पाण्याच्या स्तंभाच्या आसपास असते, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळजवळ चौथा हिस्सा, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाव किलो. तेलाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्याची एक बाजू २३ बाय ३५ सेंटिमीटर धरली तर नळी बुजताच त्या एका बाजूवर सुमारे दोनशे किलोंचा दाब बाहेरून येतो आणि डबा कागदासारखा चेपतो. पातळ प्लास्टिकच्या ड्रमचेही तेच होते. डांबराच्या जाड गोल पिंपाला काही होत नाही.

कापसाची खोली सोडून या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग कवेलूंखालच्या माळ्यावर होतो. तिथे फडा चालवला की वर्षानुवर्षांची काजळी आणि कवेलूंची माती खालच्या अन्नावर पडते. नळी मात्र शिडीवर एका हाताने धरता येते आणि यंत्र ओढत वर न्यावे लागत नाही. चैत्र लागताना कूलर बाहेर काढतो तेव्हा कोरड्या ताट्यांमागची धूळ, पंख्याच्या पात्यांवरचा थर आणि टाकीच्या तळाशी वाळलेली क्षाराची पूडही याच नळीने निघते. टाकी ओली असेल तर आधी उन्हात सुकवावी, कारण हे यंत्र फक्त कोरड्या कचऱ्यासाठी आहे. धान्याची कोठी रिकामी झाल्यावर तिच्या सांध्यांत दडलेले सोंडे झाडूने निघत नाहीत, बारीक टोकाच्या तुंबडीने निघतात. रोजच्या केराला केरसुणीच पुरे, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर नळी फिरवूच नये, ती सारवणाचा वरचा पापुद्रा उचलून नेते.

कोठे वापरू नये, हे मी मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो. चुलीची राख थंड दिसली तरी तिच्या पोटात निखारा असतो आणि बादलीतला कापूस पेट घ्यायला तेवढा पुरतो. पिठाच्या गिरणीत, जिनिंगमध्ये किंवा मळणी चालू असताना हवा धुळीने दाटलेली असते; या मोटरींच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात आणि दाटलेली ज्वालाग्राही धूळ ठिणगीने भडकू शकते. गावातल्या गिरणीवाल्या काकांना मी याच कारणाने नम्रपणे नकार दिला आणि कारण समजल्यावर त्यांनाही तो पटला. फवारणीच्या औषधांचे डबे ठेवलेला कोपराही वर्ज्य समजावा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतील विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. सांडलेली विषारी भुकटी गाळणीतून पार होऊन अंगणभर उडेल असे काहीही आपल्या हातून होता कामा नये. वैशाखातल्या कोरड्या हवेत पीव्हीसी पाइपवर स्थिर वीज साठून हाताला चटका बसतो. नळीत बटणाच्या तारांखेरीज तारेचे वेगळे वेटोळे असेल तर ते अर्थिंगला जोडून घेतल्याने त्रास कमी होतो.

उतारहवेचे तोंड वारा वाहत जातो त्या बाजूला, दारापासून, दोरीवरच्या कपड्यांपासून आणि गुरांच्या कुटारापासून लांब असावे. पाऊस आला आणि यंत्र सपरीत घ्यावे लागले तर उतारहवेला पाइप जोडून तो बाहेर काढावा.

पिंपातला कचरा उकिरड्यावर टाकण्याची सवय मात्र मोडायला हवी. साठवलेल्या कापसातून निघालेल्या सरकीत आणि कवडीत, म्हणजे किडीने खराब झालेल्या कापसात, गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या असू शकतात, आणि तो कचरा वावरात किंवा वावराजवळ पडला तर हंगाम संपल्यावरही तिला आसरा मिळतो व पुढच्या पेरणीवर ती पुन्हा येते. म्हणून पिंप रिकामे करताना तोंडाला रुमाल बांधतो, कचऱ्यावर थोडे पाणी शिंपडतो म्हणजे धूळ उठत नाही, आणि घरामागे खोल खड्डा करून त्यात तो पुरतो व वर मातीचा जाड थर देऊन दाबतो. गाळणीचे कापड उन्हात झटकावे ते खड्डा बुजवण्याच्या आधी, म्हणजे त्यावरचे तंतूही त्याच मातीखाली जातात.