चुंबकासाठी मागितलेले हमीपत्र

वाहनांच्या मोटारी बनवणाऱ्या चाकणच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. तांब्याची तार, विद्युत पोलादाच्या चकत्या, बेअरिंग, वार्निश, पॅकिंगचे खोके असा आमचा रोजचा व्यवहार असतो. परराष्ट्र धोरण हा विषय आमच्या टेबलावर येईल असे या धंद्यातल्या कुणाला फारसे वाटले नव्हते. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस तो आला, आणि तोही चीनमधल्या आमच्या पुरवठादाराने ई-मेलने पाठवलेल्या एका कोऱ्या हमीपत्राच्या रूपाने.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २ एप्रिलला अमेरिकेने जवळजवळ सगळ्या जगातून येणाऱ्या मालावर नवे आयातशुल्क जाहीर केले आणि ४ एप्रिलला चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम ही ७ दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये (रेअर अर्थ) व त्यांच्यापासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीला सरकारी परवाना सक्तीचा केला. भांडण त्या दोन देशांचे होते, नियम मात्र सर्वांना लागू झाला. जगातल्या अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के चुंबके चीनमध्ये बनतात, त्यामुळे दुसरीकडे जावे तर जायला जागाच नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळून चुकले.

आमच्या मोटारीतले चुंबक म्हणजे निकेलचा चकचकीत मुलामा दिलेली, बोटाच्या पेराएवढी एक पातळ चकती. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांची पूड दाबून आणि भट्टीत भाजून ती बनवतात. तिच्यात अगदी थोडे डिस्प्रोसियम असते, पण सगळी मेख त्यातच आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात दोन माणसे आणि सामान घेऊन पूल चढणाऱ्या स्कूटरची मोटार आतून इतकी तापते, की साध्या चुंबकाची ताकद तिथे कायमची उतरते. डिस्प्रोसियम असले की ती टिकते. आमच्या प्रयोगशाळेत हे चुंबक १५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून, बाहेर काढून, थंड झाल्यावर त्याची ताकद पुन्हा मोजतात, आणि ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक घटली तर तो पूर्ण लॉट परत जातो. चारचाकीचे स्टिअरिंग हलके करणाऱ्या मोटारीतही असेच चुंबक लागते, त्यामुळे हा प्रश्न केवळ विजेवर चालणाऱ्या वाहनांचा आहे, हा समज चुकीचा आहे. वाहनाच्या किमतीत या चुंबकाचा वाटा नगण्य असतो, पण ते नसेल तर वाहन कारखान्याच्या फाटकाबाहेर पडत नाही.

त्या दिवशी सकाळी मी आधी स्टोअरमध्ये गेलो. आमचे स्टोअरप्रमुख लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले गृहस्थ आहेत आणि नोकरीतली काही वर्षे त्यांनी लडाखमध्ये काढली आहेत. चुंबकांचे उरलेले खोके त्यांनी वेगळ्या जाळीत कुलूपबंद करून ठेवले होते आणि प्रत्येक शिफ्टला मोजून, सही घेऊनच माल लाइनवर सोडत होते. उरलेला साठा जूनच्या मध्यापर्यंत पुरेल असा आमचा हिशेब होता.

त्यानंतर मालकांच्या दालनात आम्ही ते हमीपत्र वाचायला बसलो. मालक, डिझाइन विभागाचे प्रमुख, कंपनीचे कायदेविषयक सल्लागार आणि मी. चुंबक कोणत्या मोटारीत बसणार, ती मोटार कोणत्या वाहनात जाणार, ते वाहन कोणती कंपनी बनवते आणि वर्षाला किती नग लागतील, हे सर्व त्यात लिहायचे होते. सोबत पुरवठादाराने मोटारीचे रेखाचित्र आणि उत्पादनाच्या जागेची छायाचित्रे मागितली होती. माल लष्करी कामासाठी किंवा लष्कराशी संबंधित ग्राहकासाठी वापरणार नाही आणि परवानगीशिवाय तिसऱ्या देशाकडे पाठवणार नाही, अशी प्रतिज्ञा शेवटी होती. हा कागद नोटरी करून, आपल्या सरकारी खात्यांचे साक्षांकन घेऊन, दिल्लीतल्या चिनी दूतावासाचा शिक्का उठवून पुरवठादाराकडे पाठवायचा, मग त्याने तो बीजिंगला सादर करायचा, आणि निर्णयाला नियमानुसार ४५ कामकाजाचे दिवस लागू शकतात, असा तो प्रवास होता.

सल्लागारांनी लष्करी वापराच्या कलमापाशी बोट ठेवले. आमच्याच समूहाचा दुसरा एक कारखाना संरक्षण खात्याच्या मागणीचे काही यांत्रिक सुटे भाग बनवतो. तिथे चुंबकाचा संबंध येत नाही, त्यामुळे प्रतिज्ञा खोटी ठरणार नव्हती; पण ती सही करताना खोलीतल्या कुणालाच बरे वाटत नव्हते. ऑपरेशन सिंदूर थांबून जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. ७ ते १० मे या दिवसांत पाकिस्तानने चिनी बनावटीची शस्त्रास्त्रे वापरली होती आणि पीएल-१५ या चिनी क्षेपणास्त्राचे अवशेष पंजाबातल्या शेतांत सापडल्याच्या बातम्या आम्ही सर्वांनी वाचल्या होत्या. पुढे ४ जुलैला उपलष्करप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंह यांनी जाहीरपणे सांगितले, की त्या संघर्षाच्या काळात आपल्या लष्करी हालचालींची माहिती चीन पाकिस्तानला थेट पुरवत होता. शेजाऱ्याच्या हाती क्षेपणास्त्र देणारे राज्य, आपल्या स्कूटरमधले चुंबक सैन्यासाठी वापरणार नाही अशी हमी आपल्याकडून लिहून मागत होते, आणि ती दिल्याशिवाय आमची लाइन चालणार नव्हती.

खरी चर्चा मात्र रेखाचित्रावर झाली आणि ती दुपारपर्यंत चालली. रोटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या फिरणाऱ्या भागात, चुंबके कोणत्या कोनात बसवायची, दोन चुंबकांत किती अंतर ठेवायचे, यावर मोटारीची कार्यक्षमता ठरते, आणि ते गणित जमवायला आमच्या तरुण अभियंत्यांची काही वर्षे गेली आहेत. डिझाइनप्रमुख एरवी मितभाषी आहेत. त्या दिवशी ते मालकांना म्हणाले, “साहेब, ऑर्डर गेली तर दुसरी मिळवू, पण हे एकदा दिलं की आपल्याजवळ काय राहिलं?” मी त्यांच्या बाजूने बोललो. आमच्यासारख्या शेकडो कारखान्यांनी हे अर्ज भरले, तर भारतात कोणती मोटार कुठे बनते, कुणाला जाते आणि कोणाचा साठा कधी संपतो, याचा पूर्ण नकाशा एका परक्या सरकारच्या टेबलावर आपणच मांडून ठेवू, हे माझे म्हणणे होते, आणि आजही आहे. अखेर मापांशिवायचे ढोबळ रेखाचित्र आणि मोटारीचे साधे वर्णन द्यायचे, ग्राहकाची संमती घेऊनच त्याचे नाव लिहायचे, आणि त्यापलीकडे काही द्यायचे नाही असे ठरले. मालकांनी सही केली.

संध्याकाळी पुरवठादाराच्या विक्री अधिकाऱ्याशी आमचे व्हिडिओवर बोलणे झाले. अर्जाला वेळ लागेल हे त्याने मान्य केले, आणि मग दुसरा मार्ग सुचवला. परवाना सुट्या चुंबकाला लागतो, तयार मोटारीला लागत नाही. तेव्हा तुम्ही पूर्ण मोटारच आमच्याकडून घ्या, नाहीतर तुमचे रोटर इकडे पाठवा, आम्ही चुंबके बसवून परत देतो. त्याने दिलेला दर आमच्या उत्पादनखर्चाच्या आसपासच होता. तो माणूस सौजन्याने बोलत होता आणि त्याच्या बाजूने ती मदतच होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण या नियमाचा खरा रोख कुठे आहे, ते मला त्या बोलण्यात स्पष्ट दिसले. कच्चा माल अडवायचा, तयार माल मोकळा सोडायचा. म्हणजे परक्या देशातला कारखाना आपण होऊन आपले काम तिकडे नेऊन देतो. मोटारीत तांब्याची तार गुंडाळणाऱ्या आमच्या वाइंडिंग विभागात जवळपास सगळ्या स्त्रिया आहेत, राजगुरुनगर आणि आसपासच्या गावांतून कंपनीच्या बसने येणाऱ्या. तारेचा वेढा सैल पडला तर हाताच्या स्पर्शाने ओळखणाऱ्या या कामगार आहेत. तयार मोटार आयात करायची म्हणजे हा विभाग बंद करायचा. शिवाय वाहन उद्योगासाठीच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत ५० टक्के मूल्यवर्धन देशात व्हावे अशी अट आहे, ती आमच्या ग्राहकांना पाळावी लागते. मालकांनी त्या अधिकाऱ्याचे आभार मानले आणि नकार दिला. जूनमध्ये एक शिफ्ट थांबवावी लागली तेव्हाही त्यांनी तो निर्णय बदलला नाही, आणि या कारणासाठी मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

हे अचानक घडले असे म्हणता येत नाही, याचे मला अधिक वाईट वाटते. सप्टेंबर २०१० मध्ये जपानच्या ताब्यातल्या, पण चीनही हक्क सांगत असलेल्या सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी नौका आणि जपानी तटरक्षक दलाची जहाजे यांची टक्कर झाली, जपानने नौकेच्या कप्तानाला ताब्यात घेतले, आणि त्यानंतर जपानला जाणारी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची निर्यात अडली. जपानने त्यातून धडा घेतला. २०११ मध्ये सरकारी संस्था आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी मिळून ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर गुंतवले, साठे केले, कमी डिस्प्रोसियमची चुंबके शोधली आणि चीनवरचे अवलंबित्व बरेच खाली आणले. पुढे २०२० मध्ये कोविडच्या उगमाची चौकशी मागितली म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बार्ली आणि वाइनवर चीनने जबर शुल्क बसवले. २०२२ च्या एप्रिलमध्ये रशियाने रुबलमध्ये पैसे न देणाऱ्या पोलंड आणि बल्गेरियाचा वायुपुरवठा तोडला. ज्या राज्यांत संसद, न्यायालये किंवा वृत्तपत्रे सरकारला जाब विचारू शकत नाहीत, तिथे व्यापाराचे असे हत्यार एका आदेशाने उपसता येते. लोकशाही देशही निर्बंध घालतात, हे खरे आहे; पण तिथे निदान त्याविरुद्ध दाद मागायला दार असते.

आणि आपण काय केले? इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० मध्ये स्थापन झाली. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असलेले खनिज भरपूर आहे आणि निओडिमियम वेगळे करण्याचे ज्ञानही आपल्याकडे आहे. मोनाझाइटमध्ये थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असल्याने हे क्षेत्र अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत राहिले, ते योग्यच होते. पण वाळूपासून ऑक्साइड, ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि मिश्रधातूपासून चुंबक या साखळीच्या शेवटच्या कड्या औद्योगिक प्रमाणावर आपण बनवल्याच नाहीत. चीनमधून स्वस्त माल मिळत होता आणि आमच्यासारखे खरेदी विभाग केवळ दर पाहत होते. गलवानमध्ये १५ जून २०२० च्या रात्री आपले २० जवान धारातीर्थी पडले, त्यानंतर मोबाइलमधली चिनी अॅप बंद झाली, परंतु मोटारीतले चुंबक तिथूनच येत राहिले.

त्या उन्हाळ्यानंतर परिस्थिती थोडी सावरली. जुलैमध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी ऑगस्टमधले विजेच्या वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते असा इशारा दिला, तेव्हा या प्रश्नाची वाच्यता सर्वत्र झाली. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले आणि पुरवठा सुरळीत करण्याचे आश्वासन दिल्याच्या बातम्या आल्या. ९ ऑक्टोबरला चीनने निर्बंध आणखी वाढवले, ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाल्यावर ती वाढ वर्षभरासाठी स्थगित केली. एप्रिलचा नियम मात्र कायम आहे. याचा अर्थ आमच्या लाइनचे वेळापत्रक दोन परक्या नेत्यांच्या भेटीवर ठरते. २६ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिच्यातून वर्षाला ६,००० टन चुंबके देशात बनवण्याचे उद्दिष्ट आहे. मी तिचे मनापासून स्वागत करतो. मात्र देशी चुंबक सुरुवातीला महागच पडणार, आणि चीनने भाव पाडले की आमच्याच धंद्यातले लोक पुन्हा तिकडे वळतील. म्हणून वाहन कंपन्यांनी मागणीचा ठरावीक हिस्सा काही वर्षे देशी चुंबकांसाठी राखून ठेवण्याचा करार आधीच करावा, असे मी उद्योगाच्या प्रत्येक बैठकीत मांडत आलो आहे.

आमच्या कारखान्यात आता डिस्प्रोसियम नसलेल्या चुंबकाची मोटार चाचणीत आहे. तिला थंड ठेवण्यासाठी आवरण बदलावे लागले आणि वजन थोडे वाढले. हमीपत्रांची मागणी अजून येते. त्यातल्या तांत्रिक माहितीची मर्यादा प्रत्येक कारखान्याने आपल्या कुवतीप्रमाणे ठरवण्याऐवजी केंद्र सरकारने एकच नमुना घालून द्यावा, रेखाचित्रे देण्यास स्पष्ट मनाई करावी आणि अर्ज सरकारमार्फतच जावेत, असे पत्र आम्ही काही भारतीय कारखान्यांनी मिळून संबंधित खात्याला लिहिले आहे. मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात. भोसरीतल्या वीस माणसांच्या वर्कशॉपकडे नसतात, आणि अशा ठिकाणी समोर आलेल्या कागदावर माणूस सही करून मोकळा होतो.