शार्दँ कॉपी, अपडेट ७ : ग्लास दिसला एकदाचा

अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार शार्दँ, त्याचं ‘पाण्याचा ग्लास आणि कॉफीची किटली’ हे चित्र मी तेलरंगात कॉपी करतोय. तीन आठवडे गायब होतो त्याचं कारण एकच, त्यातला तो पाण्याचा ग्लास. मागच्या फोटोत तो दुधाच्या बाटलीसारखा दिसतोय असं तुमच्यातल्या दोघांनी सांगितलं होतं, आणि खरंच होतं ते. किटली दोन बैठकांत झाली, लसणाचे गड्डे तर एका दुपारी, आणि काचेने मात्र घाम काढला.

आधी वाटलं पांढऱ्या रंगाचा घोळ आहे. टायटॅनियम व्हाइट फार झाकतो आणि थंडही पडतो, शार्दँकडे होता लेड व्हाइट, तो इतका अंगावर येत नाही. म्हणून झिंक व्हाइट आणला (तडकतो म्हणतात, पण एवढ्याशा जागेला चालेल), थोडा फरक पडला, पण बाटली ती बाटलीच. मग लक्षात आलं की मागची बर्न्ट अंबरची (गडद तपकिरी) बॅकग्राउंड सिंक झालीये, म्हणजे रंगातलं तेल खाली शोषलं जाऊन सगळी मॅट आणि राखाडी. म्हणजे मी वाळलेल्या फिकट डार्कशी मॅच करत बसलो होतो, जो खरा डार्क नव्हताच! कॅनव्हास स्वस्तातला घेतला, दुकानाचं नाव घेत नाही, पण प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) टीपकागदासारखा तेल पितो. लिनसीडचा (जवसाच्या तेलाचा) अगदी पातळ हात फिरवून ऑइलिंग आउट केलं, बॅकग्राउंड परत खोल गेली आणि अर्धा ग्लास तिथेच सुधारला. पुढच्या वेळी प्रायमर स्वतः लावणार, पैसे वाचवायला जाऊन तीन आठवडे घालवले.

उरलेला अर्धा मात्र डोळ्यांनी सोडवला. घरात साधा सरळ ग्लास नव्हता, शेजारून मागून आणला, पाणी भरलं, डावीकडून टेबल लॅम्प लावला. आणि बघतो तर काय, काचेवरचा चमकता ठिपका डावीकडे, पण पाण्यातला उजेड उजव्या बाजूला! पाणी भिंगासारखं काम करतं, उजेड पलीकडच्या कडेला गोळा करतं. मी मात्र डावी बाजू उजळ आणि उजवी काळी असं मडक्यासारखं शेडिंग करत होतो. खरडून काढलं, आधी नुसती बॅकग्राउंड ग्लासच्या आतून सलग नेली, मग उजवीकडे यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि झिंकचा एक पातळ हात, पाण्याच्या पातळीची एक रेघ, वर एक ठिपका, बस. चार फटकारे. मी ओरडलो तशी आई स्वयंपाकघरातून धावत आली.

दिदरो या फ्रेंच लेखकाने १७६३ च्या सलोनच्या (पॅरिसचं मोठं चित्रप्रदर्शन) वेळी शार्दँबद्दल लिहिलं होतं ना, जवळ गेलं की सगळं धूसर होतं, लांब गेलं की परत उभं राहतं, ते आज कळलं. मी नाक कॅनव्हासला लावून बसलो होतो, तर दिसणार काय!

मूळ चित्र जेमतेम ३२ बाय ४१ सेमी, पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियममध्ये. साल साधारण १७६१, म्हणजे शार्दँ तेव्हा साठी ओलांडलेला, १७५५ पासून चित्रकारांच्या राजेशाही अकॅडमीचा खजिनदार, १७५७ पासून लूव्रमध्येच राहायला. वर सलोनमध्ये सगळ्यांची चित्रं भिंतीवर टांगायचं कामही त्याच्याकडे, आणि एवढं करून चितारतो काय तर लसूण आणि पाणी. तेही जेव्हा इतिहास-पुराणाच्या चित्रांनाच मान होता आणि स्टिल लाइफ (फळं-भांडी अशा वस्तूंची चित्रं) सगळ्यात खालच्या पायरीवर. मला तर १७२८ मध्ये ज्या चित्रांवर अकॅडमीने त्याला आत घेतलं त्यातल्या त्या फाडलेल्या पाकट माशाच्या चित्रापेक्षा हा ग्लास भारी वाटतो, शिव्या घाला हवं तर.

पुढे त्याचंच ‘ब्रिऑश’ (एक गोडसर पाव) हे चित्र करणार असं म्हटलं होतं, पण हे लिहिता लिहिताच मन बदललंय. म्हातारपणी डोळे अधू झाल्यावर त्याने तेलरंग सोडून पेस्टल (रंगीत खडू) धरले, १७७१ चं चष्म्यातलं आणि १७७५ चं डोळ्यांवर हिरवी झापड लावलेलं सेल्फ पोर्ट्रेट त्यातलंच. ते झापडवालं करून बघायचंय. पण आधी या ग्लासवरचं शेवटचं ग्लेझ (रंगाचा पातळ पारदर्शक थर) वाळू दे, पावसाळी हवेत चार दिवस झाले तरी बोटाला चिकटतंय. तोवर कोणाकडे निळसर पेस्टल पेपर उरला असेल तर सांगा, दोन शीट पुरतील.