खराट्याच्या काड्या आणि आमची नाक्यावरची बिल्डिंग

गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला मी एक पाट, खराट्याच्या डझनभर काड्या, कणकेचा गोळा आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण घेऊन गेलो. बायको म्हणाली, "रिडेव्हलपमेंटला चाललात की पूजा सांगायला?" कणीक तिच्याच परातीतली होती, म्हणून मी गप्प बसलो.

झालं होतं असं. दादरला दोन रस्त्यांच्या नाक्यावर आमची तीन मजली जुनी बिल्डिंग आहे. तिच्या जागी बावीस मजले यायचेत. आर्किटेक्टकडून जो प्लॅन आला त्यात दोन लिफ्ट, जिना, डक्ट असं सगळं मागच्या एका कोपऱ्यात एकगठ्ठा. म्हणजे रस्त्याकडच्या दोन्ही बाजू दुकानांच्या शटरला आणि वर हॉलच्या खिडक्यांना मोकळ्या. लोक खूश. मी तीस वर्षं आरसीसीची ड्रॉइंगं काढतोय, मी मात्र प्लॅनवरचा तो काळा ठिपका बघूनच अस्वस्थ झालो.

तळमजल्यावरचे दुकानवाले काका म्हणाले, "अरे, लिफ्टभोवती एवढ्या जाड भिंती आहेत. एक कोपरा तरी पोलादी झाला ना? मग बिघडलं कुठे?"

भूकंप आला की बिघडतं ते तिथेच. म्हणून काड्या.

पाटावर कणकेचे चार गोळे थापले, प्रत्येकात एकेक काडी उभी केली, वर झाकण उलटं ठेवून सेलोटेपने चिकटवलं. वजनाला झाकणात मूठभर तांदूळ. पाट पुढेमागे हलवला तर झाकण आपलं सरळ पुढेमागे झुललं. मग एका कोपऱ्यात पाच काड्या दोऱ्याने घट्ट बांधून लावल्या, बाकी तीन तशाच ठेवल्या, आणि पुन्हा तेवढाच पाट हलवला. बांधलेला कोपरा जेमतेम हलला, पण झाकण त्याच्याभोवती दाराच्या फळीसारखं फिरलं. समोरच्या कोपऱ्यातली काडी वाकून कणकेतून निघायला आली आणि तांदूळ सेक्रेटरी वहिनींच्या मिनिट्स बुकावर सांडले.

कारण सरळ आहे. बिल्डिंगचं वजन मुख्यतः स्लॅबमध्ये पसरलेलं असतं, म्हणून जमीन हलली की जोर साधारण मजल्याच्या मधोमध लागतो. तो अडवतात कॉलम आणि भिंती, आणि त्यांतला ताठ भाग जिकडे, तिकडे अडवणुकीचं केंद्र सरकतं. जोर मध्ये, अडवणूक कोपऱ्यात. या दोहोंतलं अंतर म्हणजे पान्याचा दांडा. दांडा जितका लांब तितका पीळ जास्त. मग कोअरच्या, म्हणजे लिफ्ट-जिन्याच्या जाड भिंतींच्या गठ्ठ्याच्या, समोरच्या टोकाचे कॉलम सरकण्याचं सरकतातच, वर फिरण्याचं वेगळं. ते बिचारे बारीक, आणि वाटणीला सगळ्यांत जास्त हालचाल.

हे मी शिकलो ते माझ्याच चुकीतून. पूर्वी एका कामात कॉम्प्युटरवर मॉडेल हलवून बघितलं तर पहिलाच मोड, म्हणजे बिल्डिंगची डोलायची पहिली तऱ्हाच, पिळाची. साहेब म्हणाले, कॉलम जाड करा. मी नेमके कोअरजवळचे केले, तिथे जागा होती म्हणून. पीळ वाढला!

आयएस 1893, म्हणजे भूकंपाचा विचार करून बांधायच्या भारतीय नियमावलीच्या 2016 च्या आवृत्तीत, मजल्याचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या दीडपटीहून जास्त सरकलं तर त्याला पिळाची अनियमितता म्हटलंय. प्लॅन अगदी आरशासारखा सारखा असला तरी केंद्राच्या जागेत मजल्याच्या रुंदीच्या 5 टक्के चूक धरूनच हिशेब करायचा. कोणी एका बाजूला पुस्तकांची कपाटं लावतं, कोणी भिंत पाडतं, ते कुठे ड्रॉइंगमध्ये असतं?

काकांना मी मानाग्वाची गोष्ट सांगितली. निकाराग्वाच्या राजधानीत 1972 च्या डिसेंबरात भूकंप झाला तेव्हा दोन बँकांच्या उंच इमारती जवळजवळ उभ्या होत्या. पंधरा मजली सेंट्रल बँकेचे जिने आणि लिफ्ट एका टोकाला, तिची दैना झाली. अठरा मजली बँको दे अमेरिकाची कोअर मधोमध, तिला त्या मानाने थोडक्यात भागलं. उंच होती ती वाचली, हे काकांना पटायला वेळ लागला.

नाक्यावरच्या बिल्डिंगचं दुखणं तर आणखी जुनं. रस्त्याकडच्या दोन बाजूंना शटर आणि काच, मागच्या दोन बाजूंना विटांच्या सलग भिंती. हिशेबात त्या भिंती पुष्कळदा नुसतं वजन म्हणून धरल्या जातात, पण हादरा बसला की त्याही ताठपणा दाखवतात आणि कोअर न हलवताच केंद्र मागे ओढतात. 1985 च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात नाक्यावरच्या इमारतींचं भरपूर नुकसान झालं, त्यातही हा पीळ होता.

"पण मुंबईत कुठे भूकंप होतो?" हे कोणीतरी म्हणणारच होतं, दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ म्हणाले. त्याच 2016 च्या आवृत्तीत मुंबई भूकंपाच्या झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. आणि आई सांगायची, 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा धक्का बसला तेव्हा याच घरात फळीवरचे पेले खणखणले होते. तिला वाटलं, मांजर आली.

आर्किटेक्टला आम्ही लेखी कळवलं. परवा नवा प्लॅन आला. लिफ्ट आणि जिना जवळजवळ मध्यावर, आणि रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना आरसीसीची एकेक भिंत. हॉल थोडे अरुंद झालेत. त्यातली एक भिंत नेमकी काकांच्या दुकानाच्या दर्शनी बाजूला येते, शटर दोन फुटांनी कमी. काकांनी अजून सही केलेली नाही. पाट आणि काड्या मात्र त्यांनी मागून नेल्यात. काल दूध आणायला गेलो तर गल्ल्याशेजारी ठेवून, रस्त्याच्या बाजूलाही पाच काड्या बांधून हलवून बघत होते.