मुक्ताईची माघवारी आणि पासष्ट ओव्या

आषाढीसाठी कोथळीहून पंढरपूरला जाणारी मुक्ताईची पालखी सर्वांना ठाऊक असते. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगर आणि चांगदेव येथे भरणाऱ्या यात्रेलाही दिंड्या पायी येतात, हे मात्र आपल्या खान्देशाबाहेर फारसे कोणी जाणत नाही. भुसावळहून निघालेल्या आमच्या दिंडीने यंदा वरणगावच्या मुक्कामी हरिपाठानंतर चांगदेव पासष्टी वाचायला घेतली.

ज्ञानदेवांना लिहायच्या पत्रात वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार लिहावा, हे न उमगल्याने योगी चांगदेवांनी कोराच कागद धाडला, अशी परंपरागत कथा आहे. वाघावरची स्वारी आणि चालणारी भिंत कीर्तनात रंगते. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून आलेल्या पासष्ट ओव्या मात्र मागे पडतात, याची मला मनापासून खंत वाटते. पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे या तिन्ही रूपांनी एकच चैतन्य नटलेले आहे आणि जग होऊनही त्यात काही उणे येत नाही, असे ज्ञानदेव तेथे सांगतात. म्हणजे जग टाकून देव शोधायला कुठे जायचे नाही, उलट जे समोर येईल त्यात आपलेच स्वरूप ओळखायचे.

हरताळ्याच्या पुढे एका मळ्यात वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांची पंगत होती. वाढणारी शाळकरी मुलगी आमच्या विणेकरी बुवांच्या पाया पडली, तशी बुवांनीही वीणा सावरत वाकून तिच्या पायांना हात लावला. ती संकोचून मागे सरकली, तेव्हा बुवा म्हणाले, “माउली, चांगदेवांची गुरू तुझ्यापेक्षा फार मोठी नव्हती.” शके 1219 मध्ये तापीतीरी अंतर्धान पावलेली मुक्ताई तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात तो केवळ रिवाज आहे असे मानणाऱ्यांनी पासष्टी वाचावी. लहानथोर कोण, हा चांगदेवांना पडलेला प्रश्नच त्या वाकण्यात उरत नाही.

मुक्ताईचे दर्शन घेऊन आम्ही तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेवांच्या पाषाणी मंदिरात पोहोचलो. गर्दीतून बाहेर आल्यावर, पाण्याचा ठाव घ्यायला निघालेले मीठ स्वतःच विरून गेले, मग मोजणारा उरला कोण, या अर्थाची ओवी बुवांनी संगमाकडे तोंड करून म्हटली. पुढच्या माघात प्रत्येक मुक्कामी हरिपाठाला जोडून पासष्टीचा अर्थही सांगायचा, असे दिंडीने तेथेच ठरवले असून बुवांनी ते काम आनंदाने पत्करले आहे.